बावखलाच्या काठचं खत

फेबियनची मुलगी जीना, तिच्या एलिनाचा बाप्तिस्मा झाला ते २०२२ साल. त्याआधीची दोन वर्षं करोनाने सगळे विधी चार माणसांत उरकायला लावले होते, त्यामुळे नातीच्या वेळी फेबियनने हात आखडता घेतला नाही. ईस्टर नुकताच झाला होता. चर्चमधला विधी आटोपून पाहुणे थेट वाडीत आले. केळीच्या दोन पट्ट्यांमध्ये मांडव घातला होता, आणि जावयाकडची माणसं सावलीत बसून म्हणत होती की इतकं गार तर त्यांच्या फ्लॅटमध्ये पंख्याखालीही वाटत नाही.

जेवणं झाल्यावर बायकांनी उष्टंखरकटं टोपल्यांत गोळा केलं. फेबियनचा मुलगा लेस्ली याने ते बावखलाच्या काठी असलेल्या खताच्या ढिगावर नेऊन ओतलं आणि वरून दोन घमेली गाळ पसरला. बावखल म्हणजे वसईकडच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, तिथून झिरपत विहिरींना जातं, आणि त्याच्यावर केळी, पानवेली, भाजी, सगळं उभं राहतं. फेबियनचं बावखल त्याच्या एकट्याचं नव्हतं. शेजारच्या विलासची वाडीही त्याच पाण्यावर होती. खताचा ढीग पाण्याच्या काठीच घालायचा ही आजोबांपासूनची रीत. शेण, पालापाचोळा, केळीच्या खोडाची सोपटं तिथे कुजायची. ढीग सुकला की दोन कळशा पाणी ओतायचं आणि बावखलातलाच गाळ वर थापायचा. सगळं हाताशी असायचं.

पाहुण्यांमध्ये सदानंद मांजरेकर आणि त्यांची बायको आशालता होती. मांजरेकर मूळचे राजापूरकडचे, मुंबईत सरकारी कारकुनी करून निवृत्त झालेले, आणि आता नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात, एका मोठ्या सोसायटीचे अध्यक्ष. फेबियन आणि लेस्ली रोज सकाळी भाजी आणि केळी घेऊन टेम्पोने त्यांच्या गेटवर जायचे. आशालताबाई भाव करायला अशा चिवट की फेबियन त्यांना लांबून पाहिलं की आधीच दोन केळी जास्त काढून ठेवायचा.

सदानंदराव त्या ढिगाकडे बराच वेळ बघत होते.

"फेबियनभाऊ, एवढ्या माणसांचं खरकटं, आणि वास नाही?"

"वास कशाला येईल? गाळ थापला की झालं."

"आमच्याकडे पालिकेची नोटीस आली आहे. मोठ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा आपणच जिरवायचा. मशीन घ्या म्हणतात. त्या मशीनची किंमत ऐकून आमच्या सभेत दोघं उठून घरीच गेले."

"जाऊ दे त्यांना," आशालताबाई म्हणाल्या. "राहिले त्यांनी तरी काय दिवे लावले? तो परेश विचारतो, काकू, आता कचऱ्याला पण एसी रूम देणार का?"

मग त्यांनीच ते बोलून टाकलं. "भाऊ, तुमचा टेम्पो सकाळी भरून येतो आणि जाताना रिकामा जातो. आमचा ओला कचरा का नेत नाही?"

फेबियन हसला. पण पाहुणे गेल्यावर तो काठावर उभा राहून त्याच गोष्टीचा विचार करत राहिला. गाईम्हशी केव्हाच गेल्या होत्या. शेण विकत आणायचं तर ते पूर्वीसारखं मिळत नव्हतं आणि मिळालं तरी परवडत नव्हतं. रासायनिक खताने पानवेलीचं पान मोठं व्हायचं, पण बाजारात टिकायचं नाही. आणि तिकडे आचोळ्यात शेकडो घरांच्या भाजीची देठं आणि फळांच्या साली रोज डम्पिंगच्या डोंगरावर जात होत्या. आपण पिकवलेलं तिथे जातं, त्याचं उरलेलं इथे परत आलं तर त्यात चुकीचं ते काय, असं त्याला वाटलं. त्यात खरंच काही चुकीचं नव्हतं.

पाऊस संपला आणि काम सुरू झालं. आशालताबाई रोज सकाळी खाली उतरायच्या आणि कचऱ्याच्या पिंपांपाशी खुर्ची टाकून बसायच्या. प्रत्येकाची बादली त्या स्वतः बघायच्या.

"परेश, हे काय? शेव्हिंगचं ब्लेड?"

"सॉरी काकू. चुकून."

"केळं दाढी करतं का रे? काढ ते. हाताने काढ. मी थांबते."

असं चारचौघांत ऐकून घेतलं की माणूस दुसऱ्यांदा चुकत नाही. वाडीत येणारा माल स्वच्छ असायचा. साली, देठं, चहाचा चोथा, देवाची फुलं. शिजवलेलं अन्न त्यात फार नसायचं, कारण आशालताबाई म्हणायच्या, "उरतं कसं एवढं? अंदाज नाही का तुम्हाला?" आणि बायका लाजून कमी रांधायच्या. त्या हिवाळ्यात पहिलं खत निघालं ते काळंभोर आणि भुसभुशीत. फेबियनने एक पिशवी भरून आशालताबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतल्या तुळशीला घातली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. सोसायटीचा खर्च वाचला, फेबियनचं शेण वाचलं.

दुसऱ्या वर्षी आशालताबाईंचा जुना दमा वर आला. धूळ आणि कचऱ्याचा वास टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि त्यांचं खाली उतरणं बंद झालं. खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या मजल्यावरची स्वप्ना काही दिवस बसली, पण तिला नोकरी होती, लहान मूल होतं, आणि मुख्य म्हणजे तिला कोणी घाबरत नव्हतं. हळूहळू बादल्यांत पातळ भाज्या, आमटी, लोणच्याच्या फोडी, बिर्याणी, माशांचे काटे, आणि पिशवीची गाठ न सोडता सगळंच येऊ लागलं.

याच सुमारास लेस्लीने आणखी दोन सोसायट्या घेतल्या. बापाला न विचारता.

"अरे, आपल्याला एवढं खत लागतं का?" फेबियन म्हणाला.

"पप्पा, डिझेलचा खर्च तेवढाच आहे. एका सोसायटीचं आणा नाहीतर तिघांचं. ते थोडे पैसे पण देतात. टेम्पोचा हप्ता काय भाजीवर निघतो?"

"आणि निवडणार कोण?"

"ठेवू की बाया."

एक बाई ठेवली. तिने आठ दिवस केलं आणि म्हणाली, मी भाजी खुडायला आले होते, सॅनिटरी पॅड उचलायला नाही. ती गेली. नंतर फेबियन आणि त्याची बायको ॲनी दोघं हातात मोजे घालून निवडत बसायची. ढीग वाढत गेला. पूर्वी तो माणसाच्या कमरेइतका असायचा, आता शेजारच्या पेरूच्या फांद्यांना टेकला. तरी फेबियनला तो खताचा ढीगच वाटत होता. जागा तीच होती आणि पद्धतही तीच होती. वरून गाळ थापला की त्याचं मन शांत व्हायचं.

पावसाळ्यात ढिगाच्या पायथ्यातून काळं पाणी पाझरायला लागलं. चहाच्या चोथ्यासारखं, वर तेलाची साय. ते थेट बावखलात उतरत होतं. फेबियनने कुदळीने चर खणून ते वळवायचा प्रयत्न केला, पण उतारच पाण्याकडे होता. आजोबांनी तो मुद्दाम तसा ठेवला होता, म्हणजे ढिगाचा कस पाण्यात उतरावा आणि पाण्यातून झाडाला जावा.

हिवाळ्यात पानवेली पिवळ्या पडू लागल्या. आधी पानांच्या कडा करपल्या, मग अख्खं पानच. फेबियनला वाटलं कीड आहे. ॲनीने बावखलाचं पाणी ओंजळीत घेतलं, जिभेवर एक थेंब लावला आणि थुंकून टाकलं.

"खारट आहे," ती म्हणाली.

"वेडी आहेस. समुद्र कुठे राहिला?"

"समुद्र कशाला हवा? त्यांच्या आमटीत मीठ नसतं का? लोणच्यात नसतं का? रोज तीन सोसायट्यांचं मीठ आपण पाण्याच्या काठावर ओततो आहोत."

फेबियनने स्वतः चाखून पाहिलं. मग तो घरी आला आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला बसला, पण प्रार्थना ओठांवरच होती, तिच्यात लक्ष नव्हतं. शेणाला मीठ नसतं. पाल्याला मीठ नसतं. बाप्तिस्म्याच्या जेवणावळीचं खरकटं तो ढीग पचवू शकला, कारण ते एका दिवसाचं होतं.

तिथून बावखल उपसायच्या दिवसापर्यंत त्याने ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. दर मे महिन्यात दोन्ही घरं मिळून बावखल उपसायची. पंप लावून पाणी खाली आणायचं, चिखलात उतरून मासे धरायचे, आणि गाळाचे दोन सारखे वाटे करायचे. एक फेबियनचा, एक विलासचा. मासे त्याच दुपारी दोन्ही चुलींवर शिजायचे. फेबियन आणि विलास पोरवयापासून एकत्र चिखलात उतरलेले. जमिनीच्या बांधावरून त्यांचं दोनदा भांडण झालं होतं, तरी त्या दिवशी दोघं बावखलात होते.

२०२४ च्या मे महिन्यात पाणी खाली गेलं तेव्हा मासे जवळजवळ निघालेच नाहीत. चार मरळ निघाले, तेही पोट पांढरं पडलेले. गाळ काढला तर घमेल्यात प्लास्टिकच्या चिंध्या, एक पेन्सिल सेल, बाळाच्या बाटलीचं बूच. आणि असा वास की लेस्लीने तोंडाला रुमाल बांधला.

वाटे काढून झाले. विलास काठावर पाय धुवत होता. त्याने आपल्या वाट्याकडे पाहिलं आणि टोपली उचललीच नाही.

"घे की," फेबियन म्हणाला.

"मना नको."

"विलास, वाटा आहे तुझा."

"माझा वाटा पान्याचा होता, फेबियन. गाळाचा होता. हा आचोळ्याचा वाटा आहे. तो त्यांना दे."

"तुझ्या वेली पण..."

"माझ्या वेली दिवाळीतच बसल्या. मी कोनाला बोललो नाय. म्हटलं, तू स्वतः येऊन सांगशील. तू ढिगाला गाळ लावत बसलास."

तो निघून गेला. त्याच्या वाट्याचा गाळ उन्हात तसाच पडून राहिला, फुटला, आणि त्यातून चिंध्या वर आल्या. तो उचलावा असं कोणालाच वाटेना. वाटा नाकारणं याचा अर्थ त्या गावात सगळ्यांना कळतो. पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर दोघा-तिघांनी फेबियनला विचारलं, बरा आहेस ना, आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात फेबियन आचोळ्याच्या सोसायटीच्या सभेला गेला. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सदानंदरावांनी त्याला पुढे बसवलं. फेबियनने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि काय बोलायचं ते टेम्पोत चारदा म्हणून पाहिलं होतं.

"मला तुमचा कचरा नको असं नाही," तो म्हणाला. "पण शिजवलेलं अन्न वेगळं ठेवा. आणि ढीग मला पाण्यापासून लांब, वरच्या अंगाला न्यायचा आहे. तिथे खाली कोबा करायला लागेल, वर पत्रे लागतील. तिथली चिकूची झाडं मी तोडतो. कोब्याच्या खर्चात तुम्ही थोडा हात लावा. बाकीच्या दोन सोसायट्या मी बंद करतो."

"म्हणजे आम्ही खत पण द्यायचं आणि पैसे पण?" परेश म्हणाला. काही जण हसले.

"परेश, तुम्ही खत देत नाही. तुम्ही बिर्याणी देता," सदानंदराव म्हणाले. आणखी हसू झालं, पण ते थोडंच टिकलं.

सुमेध हा सोसायटीचा खजिनदार. भला मुलगा, आवाज चढवणारा नव्हे. तो म्हणाला, "काका, मला यांचं म्हणणं पटतं. पण लिफ्ट दुरुस्तीला आहे, टँकरचं पाणी सुरू आहे, निम्म्या लोकांचे मेंटेनन्स थकलेत. एक टेम्पोवाला आलाय, तो ओलं-सुकं सगळं एकत्र नेतो. वेगळं करायला नको, कोबा नको. आणि कोब्याच्या खर्चाहून स्वस्त आहे."

"नेतो कुठे?" स्वप्नाने विचारलं.

"ते तो बघेल ना."

"तो मागच्या पाणथळीत टाकतो आणि पेटवतो," सदानंदराव म्हणाले. "पलीकडच्या बिल्डिंगचा कचरा तोच नेतो. मी माझ्या गॅलरीतून रोज बघतो."

"सगळेच टाकतात तिकडे. आपल्या एकट्याने काय फरक पडणार?" मागून कोणीतरी म्हणालं.

हात वर करायला सांगितलं तेव्हा स्वप्नाचा आणि सदानंदरावांचा असे दोनच हात फेबियनच्या बाजूने आले. त्यात वाईट मनाचं माणूस कोणीच नव्हतं. कोणाच्या डोक्यावर घराचं कर्ज होतं, कोणाच्या घरी म्हातारी आजारी. स्वस्त काय ते त्यांना दिसत होतं. महाग काय ते बावखलात होतं, आणि बावखल त्यांनी पाहिलं नव्हतं.

सभा संपल्यावर सदानंदराव त्याला जिन्यापाशी घेऊन गेले.

"फेबियनभाऊ, एक वर्ष. आत्ता चालतंय तसं चालू द्या. तुम्ही अट सोडलीत तर मी सगळ्यांना तुमच्याकडेच ठेवतो. पुढच्या वर्षी मी कोब्याचं काहीतरी करतो, माझ्या पदरचं घालतो."

फेबियन जिन्याच्या कठड्याला टेकला.

"तो माणूस आमच्या खिडकीखाली जाळणार. आशाला आत्ताच रात्र बसून काढावी लागते. मी दुसरं काय मागतोय?"

"आणि माझं पाणी?"

"पाणी पावसाळ्यात नवीन येतं ना?"

"येतं," फेबियन म्हणाला. "पण ते त्याच गाळावर येतं."

सदानंदरावांनी त्याचा हात धरला होता तो सोडला नाही. फेबियनला त्या क्षणी हो म्हणावंसं वाटलं. पाण्याने इतकं सोसलं, आणखी एक पावसाळा सोसेल. मग त्याला काठावर पाय धुणारा विलास आठवला.

"मी वहिनींना भेटतो," तो म्हणाला.

आशालताबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. हातात दम्याचा पंप होता. खिडकी बंद होती.

"काय ठरलं ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "मी असते तर त्या परेशला पिंपात घातलं असतं. ओल्याच्या." हसताना त्यांना धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाल्या, "यांनी तुमच्याकडे रदबदली केली असेल."

"केली."

"तुमच्या विहिरीचं पाणी पिता ना तुम्ही अजून?"

"आता नाही. मार्चपासून बाटलीचं आणतो."

आशालताबाईंनी हातातला पंप उशीशी ठेवला. मग म्हणाल्या, "बंद करा."

"वहिनी, तो मागे जाळेल."

"जाळेल. मी खिडकी लावेन, हे टॉवेल ओला करून फटीत घालतील. त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो, भांडता येतं, हाकलता येतं. तुमच्या पाण्याशी कोण भांडणार? बंद करा. मीच तुम्हाला सांगितलं होतं टेम्पो रिकामा जातो म्हणून. ते चुकलं म्हणत नाही मी. पण आता बंद करा."

"तुम्ही रागाने तर नाही ना म्हणत?"

"रागाने म्हटलं असतं तर केळ्यांचा भाव पाडून मागितला असता."

फेबियन जिना उतरला. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून लेस्लीने तिन्ही सोसायट्या बंद केल्या. तो बापाशी महिनाभर नीट बोलला नाही. पाऊस जोरात लागण्याच्या आत फेबियनने मजूर लावून ढीग उचलला, वरच्या अंगाला ताडपत्रीवर नेला. विलास बांधावरून बघत होता. आला नाही, पण त्याने आपली हातगाडी बांधाच्या अलीकडे आणून ठेवली, आणि मजुरांनी ती वापरली.

पावसाळाभर मागची पाणथळ पाण्याखाली होती, त्यामुळे आचोळ्यात काही जळलं नाही. दिवाळीनंतर जागा सुकली आणि धूर सुरू झाला. फेबियन सकाळी गेटवर केळी मांडायचा तेव्हा इमारतीच्या मागून तो वर चढताना दिसायचा, पांढरा नव्हे, पिवळट काळा. चौथ्या मजल्यावरची खिडकी कायम बंद. सदानंदरावांनी अर्ज केले. पालिकेची माणसं दोनदा येऊन विझवून गेली. दोनदा तो पुन्हा पेटला. एकदा फेबियन स्वतः मागे गेला. टेम्पोवाला ढिगावर उभा होता, तोंडाला फडकं बांधून.

"इथे वर आजारी बाई आहे," फेबियन म्हणाला.

"चाचा, मेरेको भी खांसी है," तो म्हणाला. "डम्पिंगवर रांग असते. तिथपर्यंत जायचं डिझेल हे लोक देणार आहेत का? विचारा त्यांना."

फेबियनने जवळच्या डबक्यातून बादली भरून आगीवर ओतली. वाफ झाली, धूर वाढला. टेम्पोवाल्याने त्याला अडवलं नाही. त्याने आणखी ओतल्या. विझलं तेवढं पुन्हा पेटणार हे दोघांनाही माहीत होतं.

डिसेंबरात आशालताबाईंना इस्पितळात ठेवलं, नाताळच्या आधी घरी आणलं. फेबियन आणि ॲनी नाताळचा फराळ घेऊन गेले तेव्हा त्यांनी करंजीचा एक तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, साखर कमी आहे, महाग झाली वाटतं. बावखलाचं त्यांनी विचारलं. फेबियनने सांगितलं, पाणी अजून नीट झालं नाही, पण काठावर बगळे बसायला लागलेत. ते खरं होतं. विहिरीचं पाणी मात्र अजून कोणी पीत नव्हतं, ते त्याने सांगितलं नाही.

जानेवारीत त्यांना पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरांनी दमा लिहिला, वय लिहिलं. धुराचं कोणी लिहिलं नाही, आणि धूर नसता तर काय झालं असतं हे कोणालाच सांगता येणार नाही. फेबियनने ते सदानंदरावांना कधी विचारलं नाही, आणि सदानंदरावांनी त्याला कधी बोल लावला नाही. ते अजून त्याच्याकडूनच केळी घेतात, भाव करत नाहीत.

आशालता सदानंद मांजरेकर २०२५ सालच्या जानेवारीच्या एकोणीस तारखेला, रविवारी सकाळी, वारल्या.